शनिवार तेल्यांचा देश कोणता?



गेल्या काही महिन्यांत बचत गटाच्या बैठकांना गेले की एक प्रश्न हमखास निघतो. टीव्हीवर इस्रायल आणि गाझाच्या बातम्या चालू असतात, मोबाइलवर व्हिडिओ येतात. मग कुणीतरी विचारतं, "ताई, हे ज्यू म्हणजे कोण? जगातले सगळे ज्यू इस्रायलचेच असतात का? आणि ते झायोनिझम का काय म्हणतात, ते काय असतं?" प्रश्न चांगला आहे, आणि उत्तरासाठी फार लांब जायला नको. घरात मराठी बोलणारे ज्यू आपल्या महाराष्ट्रात कित्येक शतकांपासून आहेत. आज त्यांच्याविषयी बोलू, म्हणजे बाकीचं आपोआप कळत जाईल.

आपलं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं. तिकडे रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ समुद्राकाठी नवगाव आहे. फार पूर्वी एक जहाज तिथे फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचाच पुढे वंश वाढला, अशी या समाजाची परंपरेने चालत आलेली कथा आहे. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. इथे इस्रायल हा आजचा देश नव्हे. ते त्यांच्या मूळपुरुषाचं नाव आहे, आणि देश होण्याच्या कितीतरी आधीपासून ते हे नाव सांगतात.

कोकणात राहून ही माणसं पुरती कोकणी झाली. ज्या गावात राहिले त्या गावावरून आडनाव लागलं: पेणकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, नवगावकर. अशी शंभरावर आडनावं आहेत. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. बायका लुगडं नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र घालायच्या, लग्नात मेंदी लावायच्या. सणांची नावंही आपल्यासारखी. नवीन वर्षाचा नव्याचा सण, उपासाचा दार फाळणीचा सण, यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाची आठवण म्हणून बिरड्याचा सण. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरं घालून मलिदा करतात. त्यांच्यात भेदही होता बरं का. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन गट, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. आपल्याकडची जातीची हवा त्यांनाही लागली होती.

पुढे हे लोक मुंबईला आले. कुणी फौजेत, कुणी रेल्वेत, कुणी कस्टममध्ये, कुणी दवाखान्यात नोकरीला लागले. सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला सिनेगॉग म्हणतात, पण जुनी माणसं मशीदच म्हणायची. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. त्या शाळेच्या पुढे मुख्याध्यापिका झाल्या रिबेका रूबेन. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत मुलामुलींत पहिल्या आलेल्या त्या. दुसऱ्या डॉ. जेरुशा झिराड. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये १९२८ ते १९४७ त्या प्रमुख होत्या. किती आयांची बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली झाली असतील! १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे हा समाज इथे रुळलेला होता. शेजाऱ्यांनी आमचा धर्मावरून छळ केला नाही, हे ते स्वतः सांगतात. युरोपातल्या ज्यूंची गोष्ट वेगळी होती. तिथे त्यांना गावाबाहेर, वेगळ्या वस्तीत ठेवायचे, जमीन घेऊ द्यायचे नाहीत, अमुकच धंदे करा म्हणायचे. रशियाच्या राज्यात तर त्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून जायचे, घरं जाळायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे सोसल्यावर तिथल्या काही ज्यूंना वाटलं, आपलं स्वतःचं राज्य असल्याशिवाय आपली सुटका नाही. थिओडोर हर्झल नावाच्या पत्रकाराने १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात जगभरच्या ज्यू प्रतिनिधींची परिषद भरवली. आपल्या पूर्वजांच्या भूमीत, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये, ज्यूंचं स्वतःचं घर उभं करायचं, असं तिथे ठरलं. या विचाराला झायोनिझम म्हणतात. झायन ही यरुशलेमची टेकडी, तिच्यावरून हे नाव पडलं.

इथे एक फरक नीट समजून घ्या. प्रार्थनेत यरुशलेमचं नाव घेणं फार जुनं आहे. जगातला प्रत्येक ज्यू ते हजारो वर्षं घेत आला, नवगावचा तेलीसुद्धा. पण तिथे जाऊन राज्य उभं करायचं, ही राजकीय चळवळ सव्वाशे वर्षांपूर्वीची. आपण घरी बसून पंढरीचं नाव घेतो. कुणी ते नाव घेत आयुष्य काढतो, कुणी वारीला जातो, आणि कुणी म्हणेल की आता बिऱ्हाडच तिकडे हलवू. नाव एकच, पण तिघांचा निर्णय वेगळा. शिवाय पॅलेस्टाइन काही रिकामं माळरान नव्हतं. तिथे अरब लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होते. त्यांत बहुसंख्य मुस्लिम, काही ख्रिश्चन. थोडे ज्यूही आधीपासून होते.

मग सगळ्या ज्यूंना हा विचार पटला का? नाही. त्याच १८९७ साली रशियाच्या राज्यातल्या ज्यू कामगारांनी बुंद नावाची संघटना काढली. त्यांचं म्हणणं असं की आम्ही जिथे राबतो तिथेच आम्हाला हक्क पाहिजेत, दुसरीकडे कशाला जायचं? धर्माचे जाणकार असलेल्या पुष्कळ रब्बींनाही झायोनिझम मान्य नव्हता. त्यांच्या मते परतीची वेळ देव ठरवेल, माणसाने घाई करू नये. १९१७ मध्ये इंग्रज सरकारने बाल्फोर जाहीरनामा काढून पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला, तेव्हा त्या मंत्रिमंडळात एकच ज्यू मंत्री होता, आणि त्याचाच जाहीरनाम्याला कडाडून विरोध होता. त्याचं नाव एडविन माँटेग्यू. हाच भारतमंत्री. शाळेत आपण माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा शिकलो, तोच हा. त्याची भीती अशी की असं राज्य झालं तर जगभरच्या ज्यूंना त्यांच्या त्यांच्या देशात परकं ठरवतील. म्हणतील, तुमचा देश तिकडे आहे, जा तिकडे. ही भीती लक्षात ठेवा.

आपल्या बेने इस्रायलांनाही १८९७ च्या त्या परिषदेचं निमंत्रण होतं. त्यांनी नम्रपणे नकार कळवला. आम्हाला आमच्या भूमीत परत नेणं देवाच्या हाती आहे, अशी त्यांची भूमिका होती. मग विचार हळूहळू बदलत गेला. १९२० मध्ये मुंबईत झायोनिस्ट असोसिएशन स्थापन झाली. काहीजण तिकडे वळले. काहीजण इथल्या स्वातंत्र्याच्या राजकारणात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाची कारवाई झाली, तेव्हा जिनांच्या बरोबरीने टिळकांचं वकीलपत्र घेणारे डेव्हिड एरुलकर हे बेने इस्रायल. डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. समाज लहानसा, पण त्यातही मतं अनेक होती.

जर्मनीत १९३३ मध्ये हिटलरचं राज्य आलं आणि सगळंच पालटलं. जीव वाचवायला काही ज्यू मुंबईत आले. त्यांच्या मदतीसाठी इथल्या ज्यूंनी संस्था उभी केली. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग मित्र हर्मन कॅलनबाख हे ज्यू, आणि झायोनिझमचे समर्थक. १९३७ मध्ये ते गांधीजींना भेटायला भारतात आले. दोघांची याच विषयावर चर्चा झाली. पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी लेख लिहिला. ज्यूंच्या छळाविषयी त्यांना फार कळवळा होता. त्या छळाची तुलना त्यांनी आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी केली. तरी अरबांच्या भूमीवर ज्यूंचं राज्य लादणं त्यांना मान्य नव्हतं. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, असंही त्यांनी सुचवलं. यरुशलेममधले ज्यू विचारवंत मार्टिन ब्युबर यांनी त्यांना उलट पत्र लिहून आपला विरोध कळवला. पुढे हिटलरच्या लोकांनी साठ लाख ज्यू मारले. त्यानंतर झायोनिझमला जगभरच्या ज्यूंमध्ये जेवढा पाठिंबा मिळाला तेवढा आधी कधीच नव्हता. हे कारण विसरून तो विषय समजत नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनची फाळणी करायचा ठराव झाला. भारताने विरोधात मत दिलं. आपली स्वतःची फाळणी नुकतीच झाली होती. देशातही एकमत नव्हतं, सावरकरांसारख्यांनी भारताच्या त्या मतावर टीका केली. १४ मे १९४८ ला इस्रायल राष्ट्र जाहीर झालं, लगेच शेजारच्या अरब देशांशी युद्ध झालं. त्या धामधुमीत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरंदारं सोडून निर्वासित झाले. ज्या वर्षी एकाला घर मिळालं त्याच वर्षी दुसऱ्याचं घर गेलं, आणि भांडण आजही तिथेच अडकलेलं आहे. भारताने इस्रायलला मान्यता दिली ती १७ सप्टेंबर १९५० ला. आपल्या मराठवाडा मुक्तिदिनाचीच तारीख, दोन वर्षांनंतरची. पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये जुळले.

आता इस्रायलने १९५० मध्ये कायदा केला की जगातला कुठलाही ज्यू इथे येऊन नागरिक होऊ शकतो. तेव्हा भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांतले बहुतेक निघून गेले. इथे छळ नव्हता, मग का गेले? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. कुणाला धर्माची ओढ. इंग्रज गेल्यावर रेल्वे आणि कस्टममधल्या नोकऱ्यांचं काय होईल, ही कुणाला काळजी. लेकरांची लग्नं समाजातच जमावीत, ही आईबापांची इच्छा. आणि भाऊ गेला म्हणून बहीण गेली, लेक गेली म्हणून आई गेली. ऊसतोडीला एक कोयता गेला की पुढच्या वर्षी शेजारचे दोन कोयते जातात, हे आपल्याला सांगायला नको.

स्वतःच्या घरी गेलो असं त्यांना वाटलं होतं. तिथे काय झालं? वाळवंटातल्या बीरशेबासारख्या नव्या वसाहतींत त्यांना ठेवलं. काम, घर आणि रंगावरून दुजाभाव होतो अशी तक्रार करत १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, उपोषण केलं. मागणी काय, तर आम्हाला भारतात परत पाठवा. शंभरहून अधिक जणांना विमानाने मुंबईला आणून सोडलंही. त्यांतले कित्येक पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

त्याहून मोठा घाव लग्नाचा. ज्यू धर्मात आईवरून वंश धरतात. हा समाज बाकीच्या ज्यूंपासून शतकानुशतकं तुटलेला, तेव्हा घटस्फोटाचे धार्मिक नियम यांनी पाळले असतील का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी काढली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं. बेने इस्रायल मुलीचं किंवा मुलाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर आधी आई, आजी, पणजी अशी मागची चौकशी करा. विचार करा बायांनो. जिने घाण्यावर राबून, शनिवार पाळून, बिरड्याचा सण करून धर्म जपला, त्या आजीकडेच पुरावा मागितला. समाज गप्प बसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह लोकांनी यरुशलेममध्ये ठाण मांडलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. मग धर्मगुरूंनाही ते फर्मान बदलावं लागलं. धरणं आणि उपोषण ही त्यांनी इथून नेलेली शिदोरी होती, असं मला वाटतं.

आज तिथे दिमोना, अश्दोद, लोद या शहरांत मराठी कानावर पडते. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. इथे राहिलेले मात्र थोडे. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास होते, त्यांतले बरेच मुंबई, ठाणे आणि रायगडात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारत आमची मातृभूमी आणि इस्रायल पितृभूमी, असं त्यांच्यातले अनेकजण सांगतात. तरी मतदान इथे, रेशनकार्ड इथे, आणि पूर्वजांच्या कबरी अलिबाग-नवगावला.

बाकीच्या जगातही हा वाद चालूच आहे. इस्रायलबाहेर सर्वात जास्त ज्यू अमेरिकेत आहेत. तिथे इस्रायल सरकारच्या बाजूने जोर लावणाऱ्या ज्यूंच्या संघटना आहेत. इस्रायल हवा, पण पॅलेस्टिनींनाही त्यांचं राज्य द्या म्हणणारी जे स्ट्रीट आहे. झायोनिझमलाच विरोध करणारी ज्यूइश व्हॉइस फॉर पीस आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात इस्रायलच्या हल्ल्यांत हजारोंनी माणसं मेली, त्यांत लेकरं आणि बायका कितीतरी. तेव्हा काही ज्यू ओलिसांचे फोटो घेऊन रस्त्यावर उतरले, काही ज्यू युद्ध थांबवा म्हणत उतरले. एकाच घरात आईचं मत एक आणि लेकीचं दुसरं, असंही झालं.

माँटेग्यूची भीती लक्षात ठेवा म्हटलं होतं. ती खोटी नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत अतिरेक्यांनी नरिमन हाउस मुद्दाम हुडकून काढलं, कारण तिथे ज्यू राहत होते. सहाजणांचा जीव घेतला. त्या घरातल्या दोन वर्षांच्या लेकराला वाचवलं ते सँड्रा सॅम्युअल या तिथे काम करणाऱ्या ख्रिश्चन बाईने. लांबच्या सरकारचा हिशोब जवळच्या माणसाकडून वसूल करायचा, ही रीत अशी असते.

ती रीत आपल्या गावातही येते, म्हणून आज हा विषय घेतला. माझ्याकडच्या एका गटात मोबाइलवर आलेल्या गाझाच्या व्हिडिओवरून दोन सदस्यांत बोलाचाली झाली. एकीने दुसरीला विचारलं, "तुमच्या लोकांनी तिकडे असं का केलं?" ती बिचारी मुस्लिम, जन्म नायगाव तालुक्यातला, गाझा तिने नकाशावरही पाहिलं नव्हतं. दोन महिने ती बैठकीला आली नाही. तिचा हप्ता थकला, त्यामुळे गटाचं बँकेचं कर्ज अडलं. लांबचं भांडण आपल्या पासबुकात आलं ते असं.

म्हणून बैठकीत हा विषय निघाला तर तीन गोष्टी सांगा. एक, ज्यू हा धर्म आणि समाज आहे, झायोनिझम हा राजकीय विचार आहे आणि इस्रायल हे एक राष्ट्र आहे. तिन्ही एक नव्हेत. दोन, इस्रायल सरकारच्या वागण्यावर टीका करता येते, तशी हमासवरही करता येते, त्यात कुठल्या धर्माचा द्वेष नाही. पण त्यासाठी ठाण्याच्या ज्यू शेजारणीला किंवा नायगावच्या मुस्लिम मैत्रिणीला जाब विचारला, तर तो द्वेषच. तीन, कुणाच्या प्रार्थनेतली भूमी आणि कुणाचा देश यांची गल्लत करू नका. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला कॅनडा-इंग्लंडहून माणसं येतात, माथा टेकतात, डोळे भरून येतात आणि परत आपल्या देशी जातात. आपण त्यांना विचारत नाही की तुम्ही नक्की कुठले.

आपल्याला बायकांना तर हे लवकर कळायला पाहिजे. माहेरची आठवण काढली म्हणून सासरची बेइमान, हे आपण ऐकलेलं आहे. आणि माहेरी गेलं तर तू आता परकी, हेही ऐकलेलं आहे. बेने इस्रायलांनी दोन्ही ऐकलं, आणि दोन्हीकडे आपला हक्क मागितला.

येत्या मासिक बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं याच्यावर बोला. गटात जी मैत्रीण दुसऱ्या धर्माची असेल तिला आधी बोलू द्या, आणि तिला जाब विचारायला नको, तिचं म्हणणं ऐकायला बसा. काय चर्चा झाली ते मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.